गेज रीडर आगाशे आणि नऊ झिंगे

चिंतामण वामन आगाशे पाटबंधारे खात्यात गेज रीडर होते. नदीच्या पात्रात आकडे रंगवलेली पट्टी रोवलेली असते. तिच्यावर पाणी कुठपर्यंत आलंय ते दिवसातून तीनदा पाहायचं, वहीत लिहायचं आणि वर कळवायचं, हे त्यांचं काम. पावसाळ्यात दर तासाला. तेहेतीस वर्षं त्यांनी हे केलं. बदल्या झाल्या त्याही नदीच्या ओघानंच झाल्या. आधी वाई, मग कराड, शेवटी सांगली. कृष्णा खाली उतरत गेली तसे आगाशेही उतरत गेले.

एका पुराच्या वेळी कचेरीतून कोणा साहेबांनी फोनवर त्यांना विचारलं, पाणी अजून चढेल का, तुमचा अंदाज काय. आगाशे म्हणाले, "चाळीस फूट तीन इंच." साहेबांनी पुन्हा अंदाज विचारला. आगाशे फोन तसाच ठेवून पट्टी पाहून आले आणि म्हणाले, "चाळीस फूट चार इंच." पाणी किती आहे ते सांगणं त्यांचं काम होतं. त्याचं काय करायचं ते दुसऱ्या कुणी ठरवायचं होतं, आणि ही वाटणी त्यांना मनापासून पसंत होती. घरातही त्यांनी तीच चालू ठेवली. मुलाची शाळा, घराचा प्लॉट, भिंतींचा रंग, सगळं गोदावरीबाईंनी ठरवलं.

त्र्याण्णव साली ते निवृत्त झाले आणि विश्रामबागेतल्या आपल्या तीन खोल्यांच्या घरात बसून राहिले. वर्षभरानं मुलाची, अवधूतची, पुण्याहून बडोद्याला बदली झाली. जाताना त्यानं आपली काचेची माशांची टाकी आईवडलांकडे आणून ठेवली. दोन फूट लांब, वर ट्यूब लावलेलं झाकण, हवेचा छोटा पंप आणि आत चार गोल्डफिश. सहा महिन्यांत घेऊन जातो म्हणाला. पूर्वी ज्या टेबलावर रेडिओ असायचा, तिथं खिडकीशेजारी टाकी बसली.

आगाश्यांनी मासे दोन महिने नीट सांभाळले. ऑगस्टात पाणी जरा गढूळ वाटलं म्हणून एका सकाळी त्यांनी सगळं पाणी काढलं, काचा घासल्या आणि टाकी नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरली. पावसाळ्याचे दिवस, नळाला ब्लीचिंग पावडरचा वास होता. संध्याकाळपर्यंत चारही मासे उताणे झाले.

"पाणी स्वच्छ होतं ना?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"स्वच्छ होतं," आगाशे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बडोद्याला कार्ड टाकलं. मासे चार होते, आता शून्य आहेत, टाकी सुस्थितीत आहे. पण टाकी रिकामी करायला मात्र त्यांचा हात होईना. जन्मभर पाण्याजवळ बसलेला माणूस, पाण्यानंच आपल्याला फसवलं याचं त्यांना फार लागलं होतं, फक्त ते दिसत नव्हतं. पाणी तसंच राहिलं. खिडकीतून ऊन यायचं, त्यानं काचांवर हिरवं शेवाळ धरलं.

संक्रांतीला ज्ञानू माने तिळगूळ घेऊन आला. ज्ञानू हा त्यांच्या हाताखालचा खलाशी. चौदा वर्षं दोघांनी एकाच चौकीत काढली होती, त्याची अजून नोकरी चालू होती. त्यानं टाकी पाहिली, आगाशे टाकीसमोर बसलेत हेही पाहिलं.

"साहेब, ह्येच्यात कायतरी जीव सोडा," तो म्हणाला. "नुसतं पाणी बघून काय करतासा?"

पुढच्या रविवारी तो प्लास्टिकच्या डब्यातून नऊ झिंगे घेऊन आला. नदीकाठच्या गवतात फडकं बुडवून धरलेले. बोटाच्या पेराएवढे, आरपार दिसणारे, मोहरीसारखे काळे डोळे. ज्ञानूनं सांगितलं, हे शेवाळ खातात, यांना काही करावं लागत नाही. गोदावरीबाईंनी घरात आलेल्या या प्राण्यांकडे जरा लांबूनच पाहिलं आणि हे खातात तेच का, म्हणून विचारलं. ज्ञानू खोटं बोलणारा माणूस नव्हता. लय चवदार असत्यात, म्हणाला.

आगाश्यांनी त्याच दिवशी शंभर पानी वही आणून रकाने आखले. दिनांक, वेळ, संख्या, शेरा. पहिल्या दिवशी संख्या नऊ. आठव्या दिवशी तळाशी एक निपचित पडलेला दिसला. त्यांनी तो चमच्यानं काढला, तुळशीच्या कुंडीत पुरला आणि वहीत आठ लिहिले. मग दोन गेले. मग आणखी एक. पुढचे जे गेले तेही त्यांनी इमानानं वजा केले. वहीप्रमाणे फेब्रुवारीअखेर टाकीत उणे दोन झिंगे होते. टाकीत नऊ होते.

हे कोडं त्यांच्या डोळ्यांदेखत सुटलं. एक झिंगा गवताच्या काडीला धरून थरथरत होता. एकदम त्यानं अंग वाकवलं, झटका दिला आणि तो स्वतःच्या अंगातून बाहेर आला. मागे पाय, मिशा, डोळ्यांच्या खोबणीसकट पोकळ झिंगा तरंगत राहिला. आगाशे बराच वेळ बसून राहिले. तुळशीत त्यांनी अकरा काती पुरल्या होत्या. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'पूर्वीच्या नोंदी रद्द' असं लिहिलं. तेहेतीस वर्षांत त्यांच्यावर ही वेळ आली नव्हती.

मार्चमध्ये दोन माद्यांच्या पोटाखाली नाचणीच्या दाण्यांसारखी हिरवट अंडी दिसली. त्या पोटाखालच्या पायांनी अंड्यांना सारखा वारा घालत असत. तीन आठवड्यांनी एका सकाळी काचेवर जिऱ्याच्या टोकाएवढं काहीतरी चालताना दिसलं. मग तसलीच पुष्कळ दिसली. मे महिन्यात त्यांनी साठ मोजले. गणपतीत दोनशे. त्यापुढे एकेक मोजणं अशक्य झालं, तेव्हा त्यांनी पात्राची मोजणी करतात तशी टाकीच्या काचेवर खडूनं चार भागांत आखणी केली. एका भागातले मोजायचे आणि चारनं गुणायचं. दिवाळीला आकडा साडेतीनशेच्या वर गेला.

चढत्या आकड्याची त्यांना सवय होती. पण पूर्वी तो वर कळवता येत असे. आता वर कोणी नव्हतं. त्यांनी अवधूतला कळवलं, त्याचं उत्तर आलं की वा, छान. गोदावरीबाईंना सांगितलं, तर त्यांनी हातातली भाजी निवडता निवडता विचारलं की मग तुम्ही काय करणार आहात. हा प्रश्न आगाश्यांना पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

त्यांनी आधी झिंगे वाटायचं ठरवलं. त्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात तिथं, एक टाकी होती. आगाश्यांनी तिच्यात तीस झिंगे सोडले. ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आत तिथल्या माशांनी तीसही संपवले. डॉक्टर खूश झाले, दर आठवड्याला आणत जा म्हणाले. आगाश्यांनी डॉक्टर बदलला.

मग ते एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी पन्नास झिंगे अतिशय आदरानं ठेवून घेतले, चहा दिला. आठवड्यानं आगाशे चौकशीला गेले तेव्हा झिंगे कपाटात होते, औषधाच्या पाण्यात, ओळीनं मांडलेल्या बाटल्यांत. प्रत्येक बाटलीवर नाव, ठिकाण, तारीख, आणि खाली 'सौजन्य श्री. चिं. वा. आगाशे'. आगाश्यांनी सगळी लेबलं वाचली. एकही चूक नव्हती. ते घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

राहता राहिली नदी. तिथूनच आले होते, तिथं सोडणं सरळ होतं. एका सकाळी ते बादली घेऊन घाटावर गेले. घाटाच्या पायऱ्यांशी लोक माशांना चुरमुरे टाकतात, त्यावर तिथले मासे भलते धीट झालेले. आगाश्यांनी अर्धी बादली ओतली. पाणी एकदम उसळलं, आणि मग शांत झालं. ते थोडा वेळ पायरीवर उभे राहिले. उरलेली अर्धी बादली घेऊन ते चालत विश्रामबागेत परत आले. चांगलं तीन-साडेतीन मैलांचं अंतर आहे, आणि बादली अर्धी भरलेली होती.

त्यानंतर त्यांनी बरण्या काढल्या. अंडी धरलेली मादी दिसली की ती जाळीनं उचलून वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवायची, म्हणजे टाकीतली वाढ थांबेल, असा हिशेब होता. टाकीतली वाढ थोडी थांबलीही. पण वेगळी केलेली मादी अंडी घेऊनच आलेली असायची, त्यामुळे तीन आठवड्यांत त्या बरणीत पंचवीस-तीस पोरं फिरू लागायची. मग त्यांतल्या मोठ्या झालेल्या माद्यांना नवीन बरणी. बरण्या गोदावरीबाईंच्या होत्या, लोणच्याच्या आणि मुरांब्याच्या. एप्रिल शहाण्णवमध्ये खिडकीत, कपाटावर आणि देवघराच्या बाहेरच्या फळीवर मिळून अकरा बरण्या झाल्या. गोदावरीबाई त्यांच्यामधून वाट काढत फिरायच्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात वाईहून गोदावरीबाईंच्या भावानं एसटीनं कैऱ्यांचं पोतं पाठवलं. गोदावरीबाईंनी कैऱ्या धुतल्या, पुसल्या आणि बाहेरच्या खोलीत जुन्या लुगड्यावर पसरल्या, टाकीच्या अगदी समोर.

"बरण्या लागतील," त्या म्हणाल्या.

"किती?"

"सगळ्या."

आगाशे चपला घालून निघाले, बसनं चौकीवर गेले आणि संध्याकाळी ज्ञानूची पाळी संपल्यावर त्याला घेऊनच आले. ज्ञानू आत आला, बरण्या पाहून दारातच थांबला. मग टाकीसमोर उकिडवा बसला. झिंग्यांकडे त्यानं पाहिलंच नाही, तळाकडे पाहत राहिला. मग एक लांब दांड्याचा चमचा मागितला आणि तळातलं थोडं उकरून बशीत काढलं.

"साहेब, ह्यास्नी खायला काय घालतासा?"

आगाश्यांनी सांगितलं. पालकाचं अर्धं पान, उकडून, सकाळी आठ वाजता. ज्ञानूनं बशीतला पालकाचा देठ बाजूला केला.

"मग ही शितं कुणाची?"

आगाश्यांनी शितं पाहिली. भात त्यांनी कधी घातला नव्हता.

"चारच शितं घालते," गोदावरीबाई म्हणाल्या. "दुपारी. तुम्ही आडवे होता तेव्हा. ती काचेपाशी येतात."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"यंदाच्या?"

"गेल्या."

ज्ञानूनं बशीतला करडा चुरा बोटानं दाबून पाहिला. ही भाकरी होती, ज्वारीची. आगाश्यांच्या घरात पोळी होत असे, भाकरी क्वचित. तिघांनी एकदमच मागच्या दाराकडे पाहिलं. तिथं अंबूबाई भांडी घासत होत्या. त्या सकाळ-संध्याकाळ मिरजेच्या बाजूनं येत आणि येताना आपली न्याहारी फडक्यात बांधून आणत. त्यांचा हात थांबला होता.

"मीच टाकतीया चिमूटभर," अंबूबाई म्हणाल्या. "सकाळी आले की. तुमी दोघं कायबी घालताना दिसत न्हाईसा. मला वाटलं, उपाशीच ठेवल्यात."

ज्ञानू हसला नाही. त्यानं बशी खाली ठेवली, हात पुसले आणि आगाश्यांच्या खुर्चीशेजारी बसला.

"आवं साहेब, नदीत ह्यास्नी कोण पालक उकडून घालतंय? दिसातनं तीनदा जेवत्यात, काम न्हाई, भ्या न्हाई. वाढणारच की. बरण्या-बिरण्या ऱ्हाऊ द्या. खाणं बंद करा. आठवड्यातनं एकदा, अर्धं पान. बाकी शेवाळ हाय तेवढ्यावर भागवू द्या."

"मरतील," आगाशे म्हणाले.

"काय मरतील, काय ऱ्हातील."

"किती राहतील?"

"ते मी कसं सांगू? मोजायचं काम तुमचं."

त्याच संध्याकाळी बरण्यांतले झिंगे टाकीत ओतले. अंबूबाईंनी बरण्या राखेनं घासल्या, आधणाच्या पाण्यानं तीनदा विसळल्या आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळत घातल्या. गोदावरीबाईंनी एक बरणी उचलून नाकाशी धरली. वास कसलाच नव्हता. तरी त्या बरणीत लोणचं घालणं त्यांच्याच्यानं होईना. अकराही बरण्या त्यांनी अंबूबाईंना देऊन टाकल्या आणि स्वतः पेठेतून चिनी मातीच्या चार घेऊन आल्या. लोणचं त्या वर्षी नेहमीसारखंच झालं.

घरात आता तिघांनी एकमेकांवर नजर ठेवायची, असं न बोलता ठरलं. रविवारी सकाळी आठ वाजता अर्धं पान, बाकी काही नाही. पण झिंग्यांना वार कळत नसत. आगाशे टाकीसमोर आले की सगळे काचेपाशी गोळा होत आणि काचेलाच चिमटे घेत राहत. आगाश्यांना ते बघवेना. ते सकाळी आठच्या सुमाराला घरातून बाहेर पडू लागले. आधी कोपऱ्यापर्यंत, मग स्टेशनपर्यंत. दुपारी मात्र झोपायचे नाहीत, खुर्चीत पेपर धरून बसायचे. गोदावरीबाई त्यांच्यासमोर बसून वाती वळायच्या. अंबूबाई टाकीवरून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यायच्या.

आषाढात आकडा थांबला. श्रावणात उतरायला लागला. शेवाळ खाऊन काचा आरशासारख्या लख्ख झाल्या होत्या. अंडी धरलेल्या माद्या एखाद-दुसरीच दिसायच्या. एका सकाळी तळाशी एक निपचित पडलेला होता. आगाश्यांनी चमच्यानं काढला. काती रिकाम्या आणि आरपार असत, हा गुलाबी आणि भरीव होता. आकारावरून पहिल्या नवांपैकी असावा. ते चमचा हातात धरून उभे राहिले.

गोदावरीबाई आतून आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या.

"ही कात नाही," आगाशे म्हणाले.

गोदावरीबाईंनी चमचा त्यांच्या हातातून घेतला, मागं जाऊन आल्या आणि चहा टाकला. त्या रविवारी त्यांनी पालकाचं पान फाडलं ते अर्ध्यापेक्षा चांगलंच मोठं होतं. आगाश्यांनी पाहिलं. वहीत त्यांनी 'अर्धं पान' असंच लिहिलं.

कार्तिकात बेरीज ब्याऐंशी आली. पुढच्या महिन्यात एकोणऐंशी, त्यापुढे चौऱ्याऐंशी. मग ती तिथंच वरखाली होत राहिली. आगाशे दुपारचे पुन्हा झोपू लागले. सकाळचं फिरणं मात्र त्यांनी सोडलं नाही. फिरताना त्यांची दोन-तीन पेन्शनरांशी ओळख झाली, आणि त्यांतल्या एकानं घरी टाकी आणल्याचं सांगितलं तेव्हा आगाश्यांनी त्याला थांबवून, नळाचं पाणी दोन दिवस बादलीत ठेवून मग घालायचं, असं सांगितलं. विचारलेलं नसताना सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी हे गोदावरीबाईंनाही सांगितलं, जरा काळजीच्या सुरात.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये अवधूतचा बडोद्याहून फोन आला. नातू राजस आता पाच वर्षांचा झाला होता आणि मासे हवेत म्हणून हटून बसला होता. ओळखीचा टेम्पो सांगलीहून निघणार होता, टाकी त्यात घालून पाठवाल का, असं अवधूत विचारत होता. आगाशे फोन तसाच ठेवून टाकी पाहून आले.

"टाकी पाठवतो," ते शेवटी म्हणाले. "झिंगे इथं राहतील."

"बाबा, पण ठेवणार कशात?"

"ते मी बघतो."

त्यांनी बघितलं. ज्ञानूच्या गोठ्यात जनावरांना पाणी पाजायची एक दगडी डोण होती, म्हशी विकल्यापासून कोरडी पडलेली. चार माणसांनी ती आणून आगाश्यांच्या मागच्या अंगणात कढीलिंबाखाली ठेवली. आगाश्यांनी तिच्यात पाणी भरलं, नदीकाठचं गवत आणि मूठभर गाळ घातला आणि टेम्पो पुढच्या फेरीला येईपर्यंत महिनाभर नुसतं थांबले. पाण्यावर हिरवट झाक आल्यावर एका रविवारी सकाळी झिंगे डोणीत सोडले. सोडताना त्यांनी मोजले. एक्क्याऐंशी होते.

ती शेवटची मोजणी. डोणीला काच नव्हती. वरून पाहिलं की आकाश दिसायचं, कढीलिंबाची पानं दिसायची, स्वतःचं तोंड दिसायचं, आणि फार वेळ वाकून राहिलं तर गवतात काहीतरी हललेलं दिसायचं. चार भागांत आखायला जागाच नव्हती. पहिले काही दिवस ते वही घेऊन डोणीवर वाकत होते, मग कंबर दुखायला लागली.

ऑक्टोबरात एका सकाळी कढीलिंबाच्या फांदीवर एक खंड्या येऊन बसला. निळी पाठ, तपकिरी डोकं, लांब लाल चोच. त्यानं खाली पाहिलं, डोणीत सूर मारला आणि पुन्हा फांदीवर जाऊन चोच दोनदा फांदीवर आपटली. आगाशे स्वयंपाकघराच्या पायरीवरून धावले आणि त्याला हाकलून आले. दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी आला. आगाश्यांनी टॉवेल झटकून त्याला हाकललं.

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा आगाशे पायरीवर बसून चहा पीत होते. खंड्यानं सूर मारला, वर आला, चोच आपटली. गोदावरीबाई दारातून पाहत होत्या. आज हाकलत नाही का, असं त्यांनी विचारलं.

"चहा गार होईल," आगाशे म्हणाले.